आई गेली, ये

भुजंगचं नाव फोनवर उमटलं तेव्हाच सिद्धरामची बोटं ओळीच्या मधे थांबली. भुजंग त्याचा सख्खा धाकटा भाऊ, पण भुजंगच्या पोरीच्या जावळापासून दोघांचं बोलणं बंद होतं. जे काय सांगायचं ते आईमार्फत. जावळाच्या दिवशी मंडपात पंगत बसलेली असताना सिद्धराम बाहेर गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन कुणाची तरी बंद पडलेली इंटरनेटची लाइन चालू करत बसला होता, आणि भुजंगनं चार पाहुण्यांदेखत सुनावलं होतं, "दादा, तुला मान्सं नकोत, लाइन पायजे." तो भुजंग आज रविवारी आपण होऊन फोन करतोय म्हणजे काहीतरी झालंय. त्यानं फोन कानाला लावला. "दादा, आई गेली. ये." एवढंच. सिद्धराम "अरे, भुजंग, थांब" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. समोर पडद्यावर अर्धवट लिहिलेली ओळ तशीच होती. टेबलावरच्या दुसऱ्या फोनच्या स्पीकरमधून लातूरच्या टोकाला बसलेली त्याची सहकारी वर्षाराणी विचारत होती, "सर, झालं का तुमच्या बाजूचं? मी वाट बघायलेय." तो म्हणाला, "एक मिनिट, वर्षाराणी." आवाज अगदी नेहमीचा निघाला. आपला आवाज असा कसा निघाला याचं त्याला आधी नवल वाटलं, आणि आई गेली हे शब्द त्यानंतर आत शिरले.

तो काम करत होता ती यंत्रांची खोली नांदेडच्या एका खाजगी दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होती, बिनखिडकीची, एसीनं गारठलेली. बाहेर एप्रिलचं ऊन रस्ते भाजत होतं आणि आत हा स्वेटर घालून बसला होता. खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभाग. तिथल्या खाटांवरच्या माणसांचे ठोके, श्वास, रक्तदाब लातूरला बसलेला मोठा डॉक्टर आपल्या पडद्यावर बघायचा, आणि काही बिघडतंय असं दिसलं की इथल्या सिस्टरला फोनवर सांगायचा. मधे दोन लायनी. एक लोहा-अहमदपूरवरून सरळ, दुसरी परभणीला वळसा घालून. दोन्ही टोकांना एकेक राउटर. हे राउटर एकमेकांना सारखी हाक देत असतात, आहेस का, आहे, आहेस का, आहे. आणि पलीकडून काही येईनासं झालं की शेजारी मेला असं धरून सगळी वाहतूक दुसऱ्या लायनीवर टाकतात. गेल्या महिन्यात जेसीबीनं रस्ता उकरताना केबल तोडली, तेव्हा लातूरच्या राउटरनं नांदेडला मेलेलं समजायला चाळीस सेकंद घेतले होते. कारखान्यातून येतानाच त्यांचा स्वभाव तसा असतो. भल्या माणसासारखे चार हाका मारून बघतात. तेवढा वेळ डॉक्टरपुढे काळा पडदा होता. कुणाला काही झालं नाही, पण डॉक्टरनं सिद्धरामला त्यानंतर जे ऐकवलं ते अजून त्याच्या कानात होतं. म्हणून आज ही कामगिरी. हाक आता सेकंदाला वीस वेळा जाणार होती, आणि ओळीनं तीन हाका वाया गेल्या की निकाल. शेजारी मेला की जिवंत, हे पापणी लवायच्या आत कळणार होतं. दवाखान्यानं दुपारचा एक तास दिला होता आणि तेवढ्यापुरती प्रत्येक खाटेशी एक सिस्टर उभी केली होती.

त्यानं उठायला हवं होतं. कुणीही उठला असता. वर्षाराणीला म्हटलं असतं की सगळं मागं घे, पुढच्या रविवारी करू, तर पाच-सात मिनिटांचं काम होतं. गाडी खाली उभी होती. नांदेडहून निलंगा आणि तिथून पुढे गाव, फार तर चार तास. पण तो उठला नाही. त्यानं भुजंगला उलटा फोन लावला, बंद. आईला लावला, तोही बंद. पुन्हा भुजंगला. बाईचा तो ठरलेला आवाज तीन भाषांतून तेच सांगत राहिला. मग तो भुजंगचे ते चार शब्द मनात पुन्हा पुन्हा वाजवून बघू लागला. आवाज रडका होता का? नव्हता. मागे बायकांचा आकांत होता का? नव्हता. पण घरात रेंज नसते म्हणून भुजंग नेहमी फोन करायला रस्त्याकडेच्या लिंबाखाली येतो, तिथवर रडणं ऐकू येणार नाही. मग त्याला जाणवलं, आपण आईच्या मरणाची बातमी अशी तपासतोय जशी रोज यंत्रांची तक्रार तपासतो. त्याला स्वतःची किळस आली. तरीही तपासणं थांबलं नाही.

आणि मग त्याला कावळा आठवला. गुरुवारी आईचा फोन आला होता. गच्चीवर कुरडया घालत होते, म्हणाली, तर मेल्या कावळ्यानं डोक्यावर झडप घातली, नखं लागली. हा त्या वेळी कामात. एक कान आईकडे, एक कान दुसऱ्या फोनकडे. "डेटॉल लाव," म्हणाला आणि फोन ठेवला. आता त्याला खात्रीनं आठवेना, कावळा शिवला तो आईला की शेजारच्या कुणाला. आईला सगळ्या गावाच्या गोष्टी सांगायची सवय. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोरगं नापास झालं, सगळं एका दमात. कुणाच्या डोक्याला, आई? एवढा एक प्रश्न गुरुवारी विचारला असता तर आज हा जीव टांगणीला लागला नसता. कारण कावळा आईच्या डोक्याला शिवला असेल, तर मग ही बातमी खोटी असणार. कावळा डोक्याला शिवला की त्या माणसावर मरण फिरतं असं त्यांच्याकडे मानतात, आणि ते परतवायचं तर जवळच्या माणसाला खोटंच कळवायचं, अमका गेला, ये. त्यानं खऱ्यासारखं रडायचं. रडणं झालं की मरणाला त्याचा वाटा मिळाला, मग ते आल्या वाटेनं जातं. मात्र कळवताना खोटं आहे असं सांगायचं नाही, नाहीतर सगळं फुकट.

हे त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तो चौथीत असताना उन्हाळ्यात आईबरोबर औरादकडे आजोळी गेला होता, भुजंग तेव्हा अंगावर पीत होता. भर दुपारी गावाकडचा शेजारी माणिकप्पा एसटीतून उतरून धापा टाकत आला आणि उंबऱ्यातच खाली बसला. "वहिनी, अप्पा गेले," म्हणाला. अप्पा म्हणजे सिद्धरामचे वडील. आई हातातलं सूप टाकून जमिनीवर कोसळली होती. तिला तसं त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं. निलंग्यापर्यंत एसटीत ती ऊर बडवत होती, भुजंगला पाजायचंही भान नव्हतं. अनोळखी बायका तिला धरून बसल्या होत्या, आणि सिद्धराम खिडकीतून ओकत होता. ओकारी आणि रडणं एकदमच येत होतं. घरी पोचले तर अप्पा ओट्यावर पाय सोडून चहा पीत बसलेले. आधी कुणाला काही कळेना. मग सगळे हसायला लागले. माणिकप्पा हसला, अप्पा हसले, आईनं अप्पांच्या छातीत दोन्ही मुठींनी गुद्दे घातले आणि तीही पदर तोंडात कोंबून हसायला लागली. "लई रडली का रं तुझी माय?" अप्पांनी त्याला विचारलं होतं, डोळे पुसत, मोठ्या कौतुकानं. एकटा तोच हसला नव्हता. बापाला जिवंत बघून आनंद व्हायच्या ऐवजी त्याला राग आला होता, असा राग की त्या रात्री तो जेवला नाही. आपल्या आतून काहीतरी ओढून काढलं आणि उगाच काढलं, असं त्याला वाटत राहिलं. त्यानंतर कुणाच्या मरणाचं त्याला एकदम खरं वाटलं नाही. अप्पा खरोखर गेले तेव्हाही, लातूरच्या दवाखान्यात त्यांच्या पायाशी उभा असताना, तो क्षणभर त्यांच्या हसण्याची वाट बघत होता. तेव्हाही रडणं आलं नाही. पाहुण्यांनी म्हटलं, मोठा आहे, धीराचा आहे.

"सर?" वर्षाराणीचा आवाज आला. "गप्प का झालाव? माझ्याकडं नवी सेटिंग चढली, तुमच्याकडं न्हाई. असं अर्धवट लई वेळ न्हाई ठेवता येत." "चढवतो," तो म्हणाला आणि ओळ पुरी केली. बोटं बरोबर चालत होती. ओळीमागून ओळ जात होती आणि त्याच वेळी डोक्यात माणिकप्पाचं नाव घोळत होतं. माणिकप्पा अजून होता, ऐंशीच्या घरात, त्याच्या नातवाचा नंबर फोनमध्ये होता. लावायचा आणि विचारायचं, आई बरी आहे का? एका वाक्यात निकाल. त्यानं नंबर काढलाही. पण अंगठा पुढे जाईना. बातमी खोटी असेल तर विचारल्यानं आईचा तोडगा वाया जाईल, असं तो स्वतःला सांगत होता. त्याचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, तरी हे कारण त्याला बरं वाटलं. खरं कारण दुसरं होतं. विचारलं नाही तोवर आई मेलेली नव्हती. आणि खरंच गेली असेल, तर मग आपण इथं या खुर्चीवर, ती गेल्यावरही, ओळी लिहीत बसलो होतो हे कायमचं ठरणार होतं. तो घाबरला होता. इतका की लिफ्टपर्यंत चालत जाण्यापेक्षा काम करणं सोपं वाटत होतं.

"आता सर मेंदूचं काय करायचं?" वर्षाराणीनं विचारलं. तिला हेच कोडं सकाळपासून छळत होतं. राउटरचा मेंदू कधीमधी अडकतो आणि पुन्हा सुरू करावा लागतो. तेवढा वेळ तो काही बोलत नाही, पण त्याचे हातपाय चालूच असतात, आलेलं पुढे पाठवत राहतात. अशा वेळी शेजाऱ्यानं त्याला मेलेला धरू नये, जरा कळ काढावी, अशी एक सोय असते. आणि आज ते जी चढवत होते ती सोय नेमकी उलटी. एक म्हणते गप्प झाला की मेला, दुसरी म्हणते गप्प असला तरी आहे. या दोघींना एका घरात नांदवायचं होतं. त्यावर तोड म्हणून सिद्धरामनं हाक मारायचं काम मेंदूकडून काढून हातापायांकडे, म्हणजे खालच्या कार्डाकडे दिलं होतं. कागदावर ते बरोबर होतं. पण नांदेडच्या राउटरचा मेंदू चालू वाहतुकीत बंद करून बघितल्याशिवाय ते खरं धरता येत नव्हतं. त्यानं खाली सिस्टरला कळवलं. सिस्टर म्हणाली, पाच नंबरच्या आजींचा श्वास जरा उथळ आहे, पण मी इथंच आहे, करा. आजी हा शब्द त्याला नको होता. "वर्षाराणी, शेजाऱ्यावर नजर ठेव," तो म्हणाला आणि मेंदू बंद केला.

पडदा गोठला. राउटरच्या पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. मेंदू उठायला वेळ घेतो हे त्याला ठाऊक होतं, शेकडो वेळा त्यानं हे केलेलं होतं, तरी आज ते थांबणं सोसवेना. स्वेटरच्या आत घाम फुटला. आई ओट्यावर निजवलेली असेल का? तोंडावर माशा येऊ नयेत म्हणून कुणी पदरानं वारा घालत असेल का? कपाळाला विभूती कुणी लावली असेल? की ती आत चुलीपुढं बसून भुजंगला विचारत असेल, केला का फोन, काय म्हनला, रडला का? दोन्ही चित्रं सारखीच खरी दिसत होती. त्यातलं एक पुसावं म्हणून तो धडपडत होता आणि पुसलं जात नव्हतं. "वर्षाराणी, बोल." "थांबा की सर." तिचा श्वास ऐकू येत होता. "अगं बोल ना, आहे का गेला?" तो ओरडलाच. पलीकडं ती दचकली असावी. मग म्हणाली, "हाय सर. जिवंत हाय. मार्ग जागचा हलला न्हाई." पाठोपाठ त्यानं सरळ लाइनची तार हातानं उपटली; वाहतूक परभणीच्या वाटेनं गेली ते फक्त पडद्यावरच्या दोन ओळींवरून कळलं. तार परत लावली. खालून सिस्टरनं विचारलं, "केव्हा करणार? आम्ही थांबलोय." झालं म्हटल्यावर तिला खरं वाटेना. वर्षाराणी आनंदानं म्हणाली, "सर, पेढे पायजेत," आणि तो नुसता हो म्हणाला.

तिचा फोन ठेवला आणि आईचा आला. नाव दिसलं तरी त्यानं लगेच उचलला नाही. तिच्या फोनवरून भुजंगही बोलू शकत होता. "सिद्धा?" आई म्हणाली. खणखणीत. "रडलास का रं?" तिनं विचारलं. घाईघाईनं, हळूच, दुसऱ्या कुणी ऐकू नये असं. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आरं सांग की. त्या कावळ्यानं माझ्या डोस्क्याला नखं लावली म्हनलं न्हवतं का तुला? गुरव म्हनला, थोरल्याला कळवा, थोरला रडला पायजे. मला लई वंगाळ वाटलं रं तुला असं कळवताना. रडलास ना?" "हाव," तो म्हणाला. "लई?" "लई." तिनं मोठा श्वास सोडला. "मग झालं बाबा. आता काय होत न्हाई मला. आन निघालास का न्हाई?" निघालो, तो म्हणाला. मग तिनं विचारलं, कुठवर आलास, आणि तोंडातून गेलं, लोह्यापर्यंत. "ह्यो कसला आवाज यायलाय?" "गाडीचा," तो म्हणाला; पंखे आपले घरघरत होते. "मंग आता मागं नगं फिरू. तसाच ये. पुरन टाकते." आणि पाठोपाठ भुजंगचा आवाज. "दादा, मानलं तुला. मला वाटलं तू आदी धा जागी फोन करून खातरी करशील. म्हनून माझा बंद ठेवला, आईचा पन काढून घेतला. पर तू इचारत बसला न्हाईस, गाडी काढलीस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "जावळाचं मनात धरू नगं. मी पन लई बोललो." सिद्धराम म्हणाला, "न्हाई धरत."

नांदेडबाहेर पडून लोह्याच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गाडी हाणली, कारण तो आधीच लोह्यात असायला हवा होता. आई जिवंत होती. त्याला हलकं वाटायला हवं होतं, आणि थोडा वेळ वाटलंही. मग ते उतरलं. आई विश्वासानं बसली होती, लेक रडला, आता मला काही होत नाही. लेकाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. खुळचट समजूत आहे, तो स्वतःशी म्हणाला. कावळा हा पक्षी आहे. पण मनाच्या तळाशी काहीतरी धरून बसलं होतं आणि सोडत नव्हतं: तिनं तुझ्याकडं एक गोष्ट मागितली आणि तू ती दिली नाहीस, वर दिली म्हणून सांगितलंस. त्यानं रडायचा प्रयत्न केला. खरोखर केला. आई मेली आहे असं डोळ्यांपुढं आणलं, ओटा आणला, विभूती आणली. काही झालं नाही. अप्पांना आणलं. डोळे चरचरले ते उन्हानं. लोह्याच्या अलीकडं त्यानं एका रसवंतीपाशी गाडी बाजूला घेतली आणि रस न मागताच उभा राहिला.

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. रसवंतीवाला त्याच्याच वयाचा, गळ्यात ओला पंचा. चरकात कांडी सारता सारता त्यानं सिद्धरामकडं दोनदा बघितलं. "बरं वाटंना का साहेब? पानी देऊ?" सिद्धराम न्हाई म्हणणार होता. "आई गेली," तो म्हणाला. भुजंगनं म्हटलं होतं अगदी तसं, चढउतार नसलेलं. माणसानं हात लांबवून चरकाचं इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. "आरारा," तो म्हणाला, "कवा?" "आज. दुपारी." "आजारी हुती?" "न्हाई. चांगली होती. कुरडया करत होती." माणूस टेबलाला वळसा घालून बाहेर आला, पंच्याला हात पुसले आणि ते त्याच्या खांद्यावर ठेवले. हात थंडगार होते, उसाचा वास येत होता. सिद्धरामला काय झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. घशातून एक आवाज निघाला आणि मग तो आवरेना. तो बाकड्यावर बसून चौथीतल्या पोरासारखा रडत राहिला, श्वास अडकेपर्यंत, आणि आपण कुणाला रडतोय, आईला की अप्पांना, हे त्याला सांगता आलं नसतं. बाई जिवंत आहे, पुरण शिजवतेय, असं या माणसाला सांगायला हवं होतं. पण सांगायचं नसतं. माणूस शेजारी बसून राहिला. न बघितलेल्या बाईसाठी त्यानंही पंच्यानं डोळे टिपले. मग पाण्याचा तांब्या दिला, गाडीपर्यंत सोबत आला, आणि काचेशी वाकून म्हणाला, "सावकाश जावा साहेब. आता घाई करून काय उपेग."